पोथीची गाठ

"पण मग पोथीवरचं नऊ दिवसांचं काम गेलं कुठे, बुवा?"

संन्यास घेण्याआधी सोमनाथबुवांनी वीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मठातल्या पोथ्या संगणकावर ज्या एडिटरमध्ये उतरवल्या जात, तो त्यांनीच केलेला; त्याला प्लगइन, म्हणजे छोटे जोडप्रोग्राम, लावता येत. समोर बसलेला पुष्कर त्यांचा शिष्य. हुशार होता, आणि हे कुणी विसरू नये याची काळजीही घ्यायचा.

"गिरजाक्काच पुसतायत," तो म्हणाला. "मी जवळून गेलो की तोंडावर पदर घेतात. काल मला बघून बटव्यात काहीतरी लपवलं."

"डोळ्यांत घालायचं औषध असेल."

"असेल! तुम्हाला सगळंच असेल वाटतं. त्या राहिल्या तर मी राहत नाही. आज ठरवा."

बाहेर ओसरीवर गिरजाक्का भिंग घेऊन बसल्या होत्या. उतरवलेली पानं मूळ पोथीशी ताडून दुरुस्त करायचं काम त्यांचं. तीस वर्षं त्या मठातच होत्या. जायला दुसरं घर नव्हतं. पुष्करला हे ठाऊक होतं, तरी तो बोलला.

"त्या पोथीचा प्रोजेक्ट कोणत्या प्लगइनला बांधलाय?" बुवांनी विचारलं.

पुष्करनं नजर दुसरीकडे वळवली.

"पुष्कर."

"माझ्या."

"आधी?"

"व्हर्जन कंट्रोलच्या. ते प्रत्येक बदल जुन्या मजकुरासकट जपतं, कबूल. पण कुणावर लक्ष ठेवत नाही ना! म्हणून मी गुपचूप एक लिहिलं. कोण आलं, कधी आलं, किती वेळ बसलं..."

"मग दोन्ही बांधायची."

"तुमचा एडिटर बांधू देतो का? एका प्रोजेक्टला एकच. जुनं सोडल्याशिवाय नवं जोडता येत नाही."

"पोथीचंही आपल्याकडे तसंच आहे. पोथी गुंडाळलेल्या रुमालाला एकाच हाताची गाठ. ज्यानं मारली, त्याला विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. एडिटर तेच करतो. फाइल बदलण्याआधी जोडलेल्या प्लगइनला विचारतो, बदलू का?"

"माहीत आहे मला."

"तुझं काय उत्तर देतं?"

"हो म्हणतं. आणि नाव लिहून घेतं."

"जुना मजकूर जपतं?"

"जुनं प्लगइन एडिटरमध्ये आहेच की अजून."

"आहे. त्याला कुणी विचारत नाही."

"तरी फाइलीत बदल राहायला हवे होते!"

"रविवारी त्या फाइलींना हात कुणी लावला?"

"मीच. अक्कांनी काही बिघडवलं असेल, म्हणून जुन्या साठ्यातली शेवटची प्रत आणून वर टाकली..."

शेवटची प्रत रविवारच्या नऊ दिवस आधीची होती, प्लगइन बदललं त्या दिवसाची; नंतरचं सगळं तिच्याखाली पुसलं गेलं होतं. आपलंच बोलणं पुष्करला आता ऐकू आलं. त्याचे कान लाल झाले.

पण संशय इतक्यात कसला जातो!

"तरीही," तो हळूच म्हणाला, "पदर का घेतात त्या?"

बुवांनी शेजारची पोथी त्याच्यापुढे सरकवली. रुमाल मोकळा होता.

"बांध."

पुष्करनं बांधली. नेहमीपेक्षा घट्ट, एकावर एक दोन वेढे देऊन.

"अक्का," बुवांनी हाक मारली, "पुसल्या गेलेल्या नऊ दिवसांची पानं पुन्हा तपासावी लागतील."

गिरजाक्का आत आल्या. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. दुखऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पदरानं टिपत त्या खाली बसल्या. पोथी जवळ ओढली. बोटं गाठीला लागली आणि थांबली.

त्यांनी हात मागे घेतला.

"ही माझी नव्हे. कुणी मारली?"

बुवांनी नुसतं पुष्करकडे पाहिलं.

अक्का त्याच्याकडे वळल्या. नीट दिसत नव्हतं, म्हणून जरा पुढे वाकल्या.

"पुष्कर, सोडू का रे?"

पुष्करला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बुवांकडे पाहिलं.

अक्का हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिल्या.

"माझ्याकडे काय बघतोस?" बुवा म्हणाले. "गाठ तुझी आहे."