अरुंधती कोणाला दिसते

फार पूर्वी वेणुवती नगरीत जयसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथेच एका साध्या घरी जन्म घेतला आणि वयात आल्यावर आपल्या शहाणपणाने तो त्या राजाचा अमात्य झाला. त्याचे नाव शुभंकर. राज्याची मुद्रा त्याच्याकडे असे आणि तिचा ठसा उमटल्याशिवाय राजाचीसुद्धा आज्ञा अमलात येत नसे.

एका वैशाखात राजाचा धाकटा भाऊ नंदिसेन याच्या मुलीचे लग्न झाले. वेणुवतीत लग्न लागले की सूर्यास्तानंतर सारे वऱ्हाड अंगणात जमे आणि नवरा नवरीला अरुंधती दाखवी. उत्तरेकडे सप्तर्षी असतात: चार ताऱ्यांचा चौकोन आणि मागे तीन ताऱ्यांचे शेपूट. शेपटातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी बिलगून जी अंधूक चांदणी असते ती अरुंधती. नवरीने "दिसली" म्हटले की घरातली वडीलधारी माणसेही एकेक करून "दिसली" म्हणत. न म्हणून चालत नसे. ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांच्या आत मरतो, अशी त्या नगरीची समजूत होती. अशा माणसाला मंगलकार्याला बोलवायचे नाही, सोयरिकीत त्याचा शब्द विचारायचा नाही, आणि तो अधिकारी असेल तर त्याचा अधिकार त्याच संध्याकाळी काढून घ्यायचा, अशी रीत होती. नवल इतकेच, की ही रीत कोणावर चालवण्याची वेळ आलेली कोणालाच आठवत नव्हती. प्रत्येक लग्नात प्रत्येकाला अरुंधती दिसत आली होती. वेणुवतीच्या लोकांची नजर फार चांगली, असे बाहेरगावचे व्यापारी म्हणत.

त्या संध्याकाळी मात्र जयसेन राजाने मान वर केली आणि त्याला वसिष्ठ एकटाच दिसला.

"दादा, दिसली ना?" नंदिसेनाने हसत विचारले.

"दिसली तर!" राजा म्हणाला आणि जेवायला जाऊन बसला. पण त्याची खिरीची वाटी तशीच राहिली.

राजाची झोप उडाली. मरणाला तो भीत होता असे नव्हे. तो लढाया लढला होता. पण त्याला उतारवयात मुलगा झाला होता, आणि कुमार नुकता कुठे धरून धरून चालू लागला होता. आपल्यामागे त्याचे काय होईल, हा विचार राजाला सोडीना. रोज सांजावले की तो एकटाच प्रासादाच्या गच्चीवर जाई. डोळे बारीक करून पाही, मान तिरकी करून पाही, मुठीची नळी करून तिच्यातूनही पाही. वसिष्ठ आपला एकटाच. शेवटी राजा हताश होऊन खाली येई आणि डोळे लाल का, असे राणीने विचारले तर धुळीला दोष देई.

राजपुरोहित गर्गदत्ताने हे सारे टिपले. एका संध्याकाळी तो राजाच्या मागोमाग गच्चीवर गेला.

"महाराज, अरुंधती?" त्याने हळूच विचारले.

राजाने मान खाली घातली. इतक्या दिवसांत कोणापुढे तरी मन मोकळे करता आले, याचेच त्याला बरे वाटले, आणि तिथेच तो फसला.

गर्गदत्ताचे नंदिसेनाशी वाकडे होते. नंदिसेन हत्तीदळाचा प्रमुख, मनाने मोकळा आणि तोंडाने त्याहून मोकळा. पुरोहितांचे मंत्र संपेपर्यंत हत्तींचे दोनदा खाणे होते, असे तो एकदा भर सभेत म्हणाला होता. सभा हसली, राजाही हसला. गर्गदत्त ते हसणे विसरला नव्हता.

"महाराज, कुमार लहान आहेत," तो म्हणाला. "हत्तीदळ नंदिसेनांच्या हाती आहे. आपल्यामागे ते त्या लहानग्यापुढे हात जोडून उभे राहतील, असं वाटतं आपल्याला?"

"तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तर. परका असता, तर सिंहासनावर त्याचा हक्क तरी कुठे असता?"

राजाने त्याला गप्प केले. पण ऐकलेले काही न ऐकलेले होत नाही. नंदिसेन कुमाराला हत्तीवर बसवून अंगणात फिरवी, त्याचे राजाला आजवर कौतुक वाटे. आता तेच पाहून त्याला धडकी भरू लागली. भाऊ सैनिकांशी हसून बोलला तरी राजा मनात म्हणे, हा यांना आपल्याकडे वळवतो आहे. असे करता करता एके दिवशी त्याने गर्गदत्ताला हवी ती आज्ञा लिहू दिली. नंदिसेनाला देहदंड, अशी ती आज्ञा होती.

आता तिच्यावर मुद्रा उमटायची राहिली होती. राजाने शुभंकराला आतल्या दालनात बोलावून घेतले. अरुंधतीपासून आज्ञेपर्यंत सगळे काही गर्गदत्तच बोलला. शेवटी त्याने गोड आवाजात जोड दिली, "कुमार मोठे होईपर्यंत राज्य आपल्याच हाती राहील, अमात्य. महाराजांचीही तीच इच्छा आहे."

राजाने मान हलवली, पण शुभंकराच्या नजरेला नजर दिली नाही.

शुभंकराने आज्ञा वाचून खाली ठेवली. "महाराज, नंदिसेनांना काही विचारलंत का?"

हे शब्द राजाच्या काळजाला लागले, कारण तसलाच प्रश्न त्याने फार पूर्वी ऐकला होता. तेव्हा तो विशीच्या आत होता आणि नंदिसेन एवढासा. आई गेल्यावर ते पोर रडे, म्हणून जयसेन त्याला खांद्यावर घेऊन प्रासादाच्या गच्चीवर जाई. अशाच एका फाल्गुनातल्या संध्याकाळी एकीकडे सप्तर्षी वर येत होते आणि दुसरीकडे कृत्तिकांचा झुबका उतरत होता. जयसेन त्याला गोष्ट सांगत होता. या सात ऋषींच्या सात बायका होत्या. अग्नीचे मन त्यांच्यावर गेले. ते पाहून त्याच्यावर जीव लावून बसलेल्या स्वाहाने एकेक करून त्यांची रूपे घेतली आणि त्याला भुलवले. सहा रूपे तिला साधली. अरुंधतीचे मात्र घेता येईना, इतकी तिची पुण्याई होती. पुढे लोकांत कुजबुज झाली आणि सहा ऋषींनी आपापल्या बायकांना घराबाहेर काढले. त्या बिचाऱ्यांचा काडीचाही दोष नव्हता. त्या आकाशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिल्या, त्याच कृत्तिका. एकटी अरुंधती तेवढी वसिष्ठाजवळ राहिली.

खांद्यावरच्या पोराने कृत्तिकांकडे बोट केले. मग त्याने विचारले, "दादा, त्या ऋषींनी बायकांना आधी विचारलं का नाही?"

जयसेनाने तेव्हा त्याला झोपायला नेले होते. आताही त्याने प्रश्न टाळला. "विचारून खरं कोण सांगतं, अमात्य?" एवढेच तो म्हणाला.

शुभंकराने आज्ञा घडी करून राजाकडे परत दिली. राज्य चालून आले होते, नाही म्हटले तर पुढे काय होईल याची शाश्वती नव्हती. पण तो विचार करीत होता तो नंदिसेनाच्या मानेचा, आणि या भेदरलेल्या राजाचा, जो भाऊ गेल्यावर एक दिवसही सुखाने जगणार नव्हता.

"उद्या सूर्यास्तानंतर गच्चीवर या, महाराज," तो म्हणाला. "सेनापतींना बोलावतो, सोमा दाईंना बोलावतो, नंदिसेनही येतील. मुद्रेचं काय करायचं ते सर्वांसमोर, अरुंधतीच्या साक्षीनं करू."

सर्वांसमोर मुद्रा उमटली की आज्ञा मागे घेता येणार नाही, म्हणून गर्गदत्ताला ही कल्पना फारच पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी सांजवेळी सगळे गच्चीवर जमले. सेनापती वज्रदंत मिशीला पीळ देत उभा होता. राजाला आणि नंदिसेनाला जिने अंगाखांद्यावर वाढवले ती म्हातारी सोमा दाई भिंतीला टेकून बसली होती. नंदिसेन हत्तीशाळेतून थेट आला होता, त्याच्या उपरण्याला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. राजाला त्या काड्या झटकाव्याशा वाटल्या, आणि त्याने हात मागे घेतला. सप्तर्षी वर आले होते.

शुभंकराने कमरेची मुद्रा सोडली आणि राजाच्या पायांशी ठेवली.

"महाराज, ही मुद्रा मला उमटवता येणार नाही. खरं तर ती माझ्याकडे असायलाच नको होती. मला अरुंधती दिसत नाही. धाकट्या मुलीच्या लग्नात शेवटची दिसली होती. त्या मुलीची मुलगी आता लग्नाची झाली आहे. इतकी वर्षं प्रत्येक मांडवात मी 'दिसली' म्हणत आलो. ते खोटं होतं. आपल्या रीतीप्रमाणे माझा अधिकार आत्ताच संपला."

इतर कोणी तोंड उघडेल अशी शुभंकराची अपेक्षा नव्हती. आपले पद गेले, मान गेला, उद्यापासून लोक दार टाळतील, हे धरूनच तो बोलला होता. राजा त्याच्याकडे बघत राहिला. त्या मुलीचे लग्न राजाला आठवत होते. त्याला तर कितीतरी पावसाळे झाले. मग हा माणूस मेला कसा नाही?

तेवढ्यात भिंतीकडून खुदखुद ऐकू आली. सोमा दाई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरले होते.

"अरे बाळांनो, मला मेलीला तर ती जयसेनाच्या लग्नातसुद्धा दिसली नव्हती! त्या रात्री मी घरी जाऊन नवं लुगडं बाजूला काढून ठेवलं, शेवटच्या प्रवासाला असू दे म्हणून. सहा महिने वाट पाहिली. मग म्हटलं, जाऊ दे, दिवाळीला नेसून टाकलं."

सेनापती वज्रदंत खाकरला. "मीही," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढेच निघाले, पण तेवढ्याने मिशीचा पीळ सैल झाला. मग जरा वेळाने, "मी तर मृत्युपत्रही करून ठेवलं होतं. बायकोनं ते चुलीत घातलं."

आता सगळ्यांचे डोळे गर्गदत्ताकडे वळले. प्रत्येक लग्नात नवऱ्याला आधी बोट करून अरुंधती दाखवण्याचा मान त्याचाच होता. त्याने छाती काढली, सवयीने हात वर केला आणि म्हणाला, "मला स्वच्छ दिसते आहे. ती बघा, वसिष्ठाच्या शेजारी."

"गुरुजी," नंदिसेन म्हणाला, "तिथं मघापासून ढग आलाय."

कोणी हसले नाही, आणि तेच पुरोहिताला जास्त लागले. त्याचा हात हळूहळू खाली आला.

राजा सोमा दाईशेजारी भिंतीला टेकून बसला. छातीवर महिनाभर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला केला होता. आपण मरणार नव्हतो. आपण फक्त म्हातारे होत होतो! त्याला हसू आले, मग रडू आले, आणि रडता रडता त्याने ती आज्ञा काढून भावाच्या हातात दिली.

"मलाही दिसत नाही, नंदा. आणि म्हणून मी हे लिहू दिलं."

नंदिसेनाने वाचले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने ती आज्ञा पुन्हा एकदा वाचली.

"विचारायचं होतंस, दादा," शेवटी तो म्हणाला.

"आता विचारतो. माझ्यामागे तू कुमाराचं काय करशील?"

"तू माझं केलंस तेच. खांद्यावर बसवीन, इथं आणीन आणि तारे दाखवीन."

राजाने त्याला पोटाशी धरले आणि उपरण्यावरच्या गवताच्या काड्या एकेक करून काढल्या. ढग सरकला होता. "आहे का रे ती?" त्याने विचारले.

"आहे. वसिष्ठाला बिलगून आहे."

"मग झालं," राजा म्हणाला.

ती आज्ञा सोमा दाईने खाली नेऊन शेगडीत टाकली. मुद्रा राजाने स्वतःच्या हातांनी शुभंकराच्या कमरेला बांधली. गर्गदत्ताला देहदंड द्यावा, असे सेनापती म्हणाला. पण शुभंकराने मध्ये पडून त्याला जीवदान मिळवून दिले, आणि पुरोहित नगर सोडून गेला. तेव्हापासून वेणुवतीतल्या लग्नांत नवी रीत पडली. ज्याला अरुंधती दिसत नाही, त्याने शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "आहे का?" आणि शेजाऱ्याने खरे ते सांगायचे.

जेतवन विहारात, पुढे बुद्धत्व लाभलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली त्या दुपारी दृष्टी गेलेले ज्येष्ठ भिक्षू अनुरुद्ध स्थविर आपले फाटलेले भिक्षुवस्त्र, चीवर, मांडीवर घेऊन बसले होते आणि सुईत दोरा कोण ओवून देईल, असे विचारीत होते. शास्त्यांनी स्वतः दोरा ओवला, सुई त्यांच्या हाती दिली आणि म्हणाले, "तेव्हाचा जयसेन राजा तू होतास, अनुरुद्धा. नंदिसेन म्हणजे हा आनंद. सोमा दाई ती महाप्रजापती गौतमी, गर्गदत्त तो देवदत्त, आणि गच्चीवर जमलेली इतर माणसे म्हणजे आजची ही परिषद. शुभंकर अमात्य मीच होतो." त्या जन्मी बोधिसत्त्वाने हातचे राज्य आणि स्वतःचा मान सोडून जी पूर्ण केली, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, होय.