तबलीवरची खसखस

एकदा एका वृद्ध मेस्त्रींनी, गिऱ्हाईक यायला जेमतेम पाच तास उरलेले असताना, आपल्या शिष्याने सहा महिने खपून घडवलेल्या गिटारच्या साऱ्या तारा ढिल्या केल्या. शिष्याला वाटले, साठी उलटून बरीच वर्षे झाली, आता म्हाताऱ्याची बुद्धी खरोखरच नाठी झाली. तुम्हालाही कदाचित तसेच वाटेल. म्हणून त्या दिवसाची गोष्ट सकाळपासूनच सांगतो.

हे मेस्त्री एका लहानशा गावात राहत आणि हाताने गिटारी घडवत. प्लास्टिकची पिक न धरता नुसत्या बोटांनी तारा छेडणारे, एकाच वेळी अंगठ्याने खर्ज आणि उरलेल्या बोटांनी गाणे खेळवणारे वादक दूरदूरून त्यांचा पत्ता विचारत येत. त्यांच्या कारखान्याची एक रीत होती. नवे गिऱ्हाईक आले की मेस्त्री आधी लाकूड दाखवत नसत की माप घेत नसत. सदऱ्याची बाही वर सारून आपला उघडा हात पुढे करत आणि म्हणत, "वाजवा." बिचारे गिऱ्हाईक बावरून जाई, इकडेतिकडे पाही आणि अखेर त्या हातावरच बोटे चालवू लागे. मेस्त्री डोळे मिटून बसत. दोन-चार मिनिटांनी म्हणत, "कळलं. सहा महिन्यांनी या." एवढ्यावर लोक सहा महिने थांबत, यावरूनच मेस्त्रींची कीर्ती समजावी.

हर्षद हा त्यांचा शिष्य. वय अठ्ठावीस, हात तयार, आणि तोंडही तितकेच तयार. दीड वर्षापूर्वी त्याने आपली पहिली गिटार घडवली होती. कारखान्याच्या प्रथेप्रमाणे तिच्या पोटात त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली गेली, तेव्हा गडी तीन दिवस हवेत होता. पण दोन महिन्यांतच तारांच्या ओढीने त्या गिटारची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, घोडीपाशी, म्हणजे तारा जिथे बांधतात त्या पट्टीपाशी, खचली. गिऱ्हाईकाने ती परत आणली आणि चार माणसांदेखत टेबलावर ठेवली. हर्षदने स्वतःच्या हाताने ती चिठ्ठी खरवडून काढली. त्या दिवसापासून त्याच्या नावाची दुसरी चिठ्ठी कुठल्याच गिटारमध्ये लागली नव्हती.

म्हणूनच आजचा दिवस त्याच्या दृष्टीने परीक्षेचा होता. चार वाजता केरकरबाई येणार होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई तीस वर्षे गिटार वाजवत होत्या. नखे वाढवायच्या नाहीत, पिक धरायची नाही. बोटांच्या मऊ पेरांनीच तारेला हात लावायचा, असा त्यांचा बाणा. ऑर्डर द्यायला आल्या, त्या वेळी मेस्त्रींनी स्वतःची बाही वर न करता हर्षदकडे बोट दाखवले होते. बाईंनी त्याच्या हातावर वाजवले आणि मेस्त्री म्हणाले, "ही गिटार याची." आज बाईंनी ती पसंत केली, तर हर्षदची गेलेली पत परत येणार होती.

पहाटेपासूनच त्याच्या अंगात वारे भरले होते. त्याने गिटारवरून मऊ फडके दहादा फिरवले. शिसवीची पाठ, देवदाराची तबली, कडेला बारीक नक्षी. पाहावे तिथे नजर ठरत नव्हती. तारा सुरात आल्या. हर्षदने बैठक मारली आणि आपल्या सुताराच्या राकट बोटांनी सगळ्या तारांवर एकदम हात मारला. कारखाना दणाणला. कौलांवरची कबुतरे उडाली.

"काका, ऐकलंत?" तो जवळजवळ ओरडलाच. "आवाज बघा! आणि मजबूत इतकी की, हिच्यावर उभं राहिलं तरी हलायची नाही. मुद्दाम तशीच केली. तबलीच्या खालच्या पट्ट्या नेहमीच्या दीडपट जाड ठेवल्यात. आता खचेल कशी, बघतोच मी!"

मेस्त्री उठून मागच्या स्वयंपाकघरात गेले आणि मुठीत काहीतरी घेऊन आले. ती खसखस होती. त्यांनी चिमूट चिमूट करून ती तबलीवर पसरली.

"काका, अहो, पॉलिश!"

"काही होत नाही पॉलिशला. हात मार तसाच."

हर्षदने हात मारला. खसखस टणाटण उडाली आणि अर्धी जमिनीवर सांडली. त्याने विजयी मुद्रेने गुरूंकडे पाहिले.

"आता बाईंनी तुझ्या हातावर वाजवलं होतं ना, तसं वाजव," मेस्त्री म्हणाले.

हर्षद गोंधळला. खरे सांगायचे तर बाई वाजवत होत्या तेव्हा तो देवदाराची कोणती फळी काढावी याचाच विचार करत होता. हाताला गुदगुल्या झाल्या, एवढेच त्याला आठवत होते. तरी त्याने डोळे मिटले. हळूहळू ते सारे परत आले: एक एक बोट टेकत होते, उचलले जात होते, पण भार असा कुठेच नव्हता. त्याने तसेच, पेरांनी, अगदी अलगद तारा छेडायला सुरुवात केली. डोळे उघडले तेव्हा तबलीवरचा एकही दाणा जागचा हललेला नव्हता. आवाज येत होता, पण आतल्या खोलीत कुणी गोधडी पांघरून बोलावे तसा.

त्याने तारांवरून हात उचलला.

नेमक्या याच क्षणी मेस्त्रींनी खुंट्या पिळायला सुरुवात केली. एकेक तार सैल पडली. त्यांनी तारा बाजूला घेतल्या आणि बोटभर लांबीची, धार लावलेली पटाशी हर्षदच्या हाती दिली. "आत हात घाल. पट्ट्या तास."

"आत्ता?" हर्षदचा आवाज चढला. "अकरा वाजलेत! चारला बाई येणार! आणि आत दिसत काही नाही, नुसत्या चाचपण्यावर तासायचं? एक घाव जास्त पडला तर तबलीच फाटेल. नाही फाटली तर दोन महिन्यांनी खचेल. मागच्या वेळी तोंड काळं झालं ते पुरे नाही का झालं?" त्याने पटाशी टेबलावर आपटली आणि तो दारापर्यंत गेला.

मेस्त्रींनी त्याला हाक मारली नाही. ते तबलीवर उरलेली खसखस तळहाताने गोळा करत राहिले. मग जणू स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले:

"दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे मला समजतं रे. तुझ्या वयात मीही पोळलोय. पण मला एक सांग, ही गिटार तू कुणासाठी केलीस? बाईंची बोटं आठवायला तुला डोळे मिटून बसावं लागलं. ज्या माणसानं ती पहिली गिटार टेबलावर ठेवली, तो मात्र गेले सहा महिने रोज तुझ्या डोळ्यांसमोर होता. त्याला उत्तर द्यायला म्हणून तू पट्टीवर पट्टी जाड करत गेलास. बाबा रे, वाद्य टिकायला ताकद लागते हे खरं. पण जितकी लागते त्याहून जास्त घातलीस, तर ती ताकद वाजवणाऱ्याशी भांडते. या तबलीला तारांचा भार जेमतेम पेलता यायला हवा. जेमतेम म्हणजे किती, तिथेच आपली सगळी विद्या आहे. धोका नको असेल तर पेटारे बनव. पेटारे कधी खचत नाहीत."

हर्षद दारात उभा होता. बाहेर लख्ख ऊन होते. त्याला रागही आला होता आणि रडूही येत होते, कारण म्हाताऱ्याचे अक्षर न् अक्षर खरे होते. तो परतला, त्याने पटाशी उचलली आणि तबलीच्या मधल्या गोल भोकातून हात आत घातला.

"तुम्ही का नाही करत, काका?"

"माझी बोटं आता वळत नाहीत. आणि वळली असती तरी केलं नसतं."

पहिली ढलपी निघाली तेव्हा हर्षदच्या कपाळावर घाम होता. मेस्त्रींनी तबलीवर पुन्हा खसखस पसरली. हर्षदने घोडीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली. दाणे गप्प. दुसरी ढलपी, तिसरी. टिचकी. एका कोपऱ्यातले चार-पाच दाणे किंचित सरकले. "काका! सरकले!" त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सहा महिने ज्या लाकडाला तो गप्प बसवत होता, ते आता तोंड उघडू लागले होते. मग त्याला चेवच चढला. बोटांना आत एकेक पट्टी लागे, तो तिचा माथा थोडा उतरवी, हात बाहेर काढी, टिचकी मारी आणि कान लावी. टिचकीचा आवाज दर वेळी थोडा खोल उतरत होता. दीड वाजता घरून जेवणाचा निरोप आला. तो कुणाच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

साडेतीनच्या सुमारास टिचकीसरशी सगळी तबली जागी झाली. खसखशीच्या दाण्यांनी घोडीभोवती फेर धरला.

"काका, आता थांबू?"

"मला काय विचारतोस?"

"अजून एक ढलपी काढली तर आवाज आणखी खुलेल असं वाटतंय."

"वाटतंय ना? मग काढ."

"पण मग खचेल."

"मग नको काढू."

हर्षदला हसावे की चिडावे कळेना. त्याने पटाशी आतल्या पट्टीवर टेकवली. हाताला मोह होत होता. त्याने दुसऱ्या हाताने तबली हलकेच दाबली. ती दबली, आणि दाब काढताच परत वर आली. पण येताना, याहून पातळ केलेस तर मी वर येणार नाही, असे जणू तिने सांगितले. पहिल्या गिटारच्या वेळी याच क्षणी तो थांबला नव्हता, आणि ही घडवताना भीतीने इथवर आलाच नव्हता. त्याने पटाशी बाहेर काढून खाली ठेवली.

"बस्स," तो म्हणाला. "इथंच."

मेस्त्रींनी टेबलाचा खण उघडला, एक कोरी चिठ्ठी आणि पेन त्याच्यापुढे सरकवले. "नाव लिही. आत चिकटव."

"बाई यायच्यात अजून. त्यांना पसंत पडली नाही तर?"

"पसंत त्या करतील. बनवलीस तू. उद्या बिघडली तरी तूच बनवलेली असेल ना?"

हर्षदने नाव लिहिले. चिठ्ठी आत चिकटवली. तारा चढवल्या, पुन्हा पुन्हा ताणून सुरात आणल्या, खसखस पुसली आणि शेवटची तार लागते न लागते तोच दारात केरकरबाई उभ्या राहिल्या.

बाईंनी चहा नको म्हटले, पाणी नको म्हटले. गिटार मांडीवर घेतली आणि लगेच वाजवायला लागल्या. खरे म्हणजे वाजवायला लागल्या हे हर्षदला कळलेच नाही, इतकी त्यांची बोटे हलकी होती. आणि त्या हलक्या बोटांखालून असा सूर उठला की तो कारखान्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात भरून राहिला. सकाळी दणका होता. हा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या भिंतीपर्यंत प्रत्येक स्वर वेगळा, स्पष्ट ऐकू येत होता. अंगठ्याचा खर्ज खालून चालत होता, वर बोटे गात होती. हर्षदच्या अंगावर सरसरून काटा आला. उठून नाचावे असे त्याला वाटत होते, आणि हालचाल केली तर सूर मोडेल म्हणून तो खांबाला पाठ लावून घट्ट उभा होता.

वाजवता वाजवता बाई मध्येच थांबल्या. "अगं बाई," त्या गिटारलाच म्हणाल्या, "तुला सगळंच ऐकू येतं की!" आणि पुन्हा वाजवू लागल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. गणिताच्या बाईच त्या. हिशेबाचा प्रश्न आलाच. "हर्षद, तबली फार नाजूक वाटते रे. टिकेल ना?"

मेस्त्रींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. आदल्या दिवशी हाच प्रश्न विचारला असता तर हर्षदने छातीवर हात मारून शंभर वर्षांची हमी दिली असती.

"बाई, उन्हात गाडीत ठेवून जाऊ नका," तो म्हणाला. "पावसाळ्यात तारा थोड्या उतरवून ठेवा. आणि वर्षातून एकदा माझ्याकडे आणा. तबली हलली असेल तर मला बोटानं कळेल, मी नीट करीन. पण हिला कधीच काही होणार नाही, असं मी सांगणार नाही. तसं सांगता यावं म्हणून सकाळपर्यंत हिच्या पट्ट्या जाड ठेवल्या होत्या. तशी ही तुम्हाला आवडली नसती."

बाईंनी त्याचा हात धरून पुढे ओढला, सदऱ्याची बाही वर सारली आणि डाव्या हाताने गिटार सांभाळत, उजव्या हाताच्या बोटांनी त्याच्या मनगटाजवळ दोन-चार स्वर वाजवले. "हे आत्ता सुचलं," त्या म्हणाल्या. "घरी जाईपर्यंत विसरेन, तू लक्षात ठेव."

या वेळी हर्षदचे सारे लक्ष हातावर होते.

आपणही जे काही घडवतो, मग ते घर असो, नियम असो वा लेकरू, ते फार भक्कम करण्याआधी एकदा त्यावर हलके बोट ठेवून ते साद देते का, हे पाहावे.