दरीवरची अख्खी वेल

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर की खरं माप सांगणाऱ्यावर?

फार पूर्वी दोन डोंगरांमधल्या दरीवर एकच वेल होती. मुंग्या निरोपाचा एकेक शब्द तोंडात धरून तिच्यावरून पलीकडे न्यायच्या. एका वेळी तीनच मुंग्या मावतील एवढी ती अरुंद. पण वेलीवर ताबा होता कावळ्याचा. तो निरोप धाडणाऱ्या प्रत्येकाकडून एक फळ घ्यायचा आणि कानात सांगायचा, "अख्खी वेल तुमचीच समजा."

चिंगी नावाच्या खारीची लेक पलीकडे नांदत होती, पहिलटकरीण. रोज दिवस कलला की चिंगी लेकीच्या निरोपासाठी दरीच्या काठाशी येऊन बसे. नेमकं तेव्हाच साऱ्या रानाला बोलायचं असे. माकडं तर पोतंभर नुसतं हसूच पाठवायची. एके दिवशी चिंगीच्या हाती दोनच शब्द आले, "आई, मला..."

"पुढचं खाल्लंस काय गं?" ती मुंगीवर तापली.

"खाईन कशाला, मावशी? तुझ्या लेकीचे शब्द पलीकडे रांगेत उभे आहेत. वेल एवढीशी, आणि कावळेदादांनी ती साठ जणांना अख्खी दिलीय. उद्या दुपारी ये, सगळे झोपलेले असतात."

दुसऱ्या दुपारी वेल मोकळी होती. शब्द एकामागून एक उतरले, "आई, मला पिल्लू झालं. शेपूट अगदी तुझी. बघायला कधी येशील?"

दरी ओलांडणं चिंगीच्या म्हाताऱ्या पायांना जमणारं नव्हतं. ती ते शब्द हुंगत बसून राहिली.

काठावर अशी कोणाची तरी आई बसलेली असते, बाबांनो. तुमच्या हाती कधी वेल आली, तर ती रुंद किती आणि कबूल केली कितीजणांना, एवढा हिशेब तेवढा खरा ठेवा.