पातेल्याचं झाकण

समुद्राकाठी एक गाव होतं. त्या गावात माणसांपेक्षा माड जास्त, आणि माडांपेक्षा सल्ले जास्त. माडावर चढायला निदान कष्ट पडायचे, सल्ले आपोआप अंगावर पडायचे.

त्या गावात रेमेत नावाची एक सून राहायची. हात कामाला वाघाचे, काळीज मात्र सशाचं. दूध उतू जाईल म्हणून ती अशी काही धावायची, की तिच्याच धक्क्यानं ते सांडायचं.

गावाची एक रीत होती. चर्चच्या सणाला संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, झाली, की सगळं गाव अंगणात बसून एकाच पातेल्यातल्या पिठाचे फुगे रश्शात बुडवून खायचं. मैद्यात अंडी, नारळाचं दूध आणि माडाची ताजी माडी घालून पीठ मळायचं, त्यावर बोटानं क्रूस काढायचा आणि झाकून ठेवायचं. माडीनं ते फुगून वर आलं, की मुठीतून गोळे पिळून उकळत्या तेलात सोडायचे. हे पीठ मळायचा मान एकाच घराला. पीठ नीट फुगलं नाही, तर पातेलं दुसऱ्या घरी जायचं, आणि गेलेलं पातेलं परत यायचं नाही. त्या गावात चुकलेल्या माणसाला माफी होती, बसलेल्या पिठाला नव्हती.

हा मान रेमेतच्या सासूकडे होता. पण म्हातारीचे हात आता थरथरायला लागले होते. एका रविवारी चर्चच्या दारातच तिनं सांगून टाकलं, "या सणाला पीठ आमची रेमेत मळेल."

रेमेत लाजून हसली. घरी आली आणि तिची भूकच पळाली.

सणाच्या सकाळी तिनं पीठ मळलं. काय मळलं होतं! लोण्यासारखं. क्रूस काढला, ओलं फडकं टाकलं, वर झाकण ठेवलं आणि बसली. लगेच उठली. झाकण उचलून पाहिलं. पीठ होतं तिथंच होतं. परत झाकलं. परत उघडलं. आणि दर वेळी क्रूस पुसला गेला असेल म्हणून नवा काढला. बिचाऱ्या पिठाला वाटलं असेल, आपला अंत जवळ आला.

तेवढ्यात शेजारची नातालमावशी डोकावली. "अगं बाई, सावलीत ठेवलंस? सावलीत कुठं पीठ फुगतं? उन्हात ने."

रेमेतनं पातेलं ओढत अंगणात नेलं.

मग माडी काढणारा बस्त्यावकाका कमरेला कोयता लावून आला. "उन्हात? आंबट होऊन फाटेल ना ते! आत घे. आणि माडी कमी पडलीय. माझ्या नाकाला कळतं."

"काका, तुमच्या नाकाला सकाळपासून माडीशिवाय दुसरं काही कळतंय का?" असं रेमेतला विचारायचं होतं. पण तेवढा धीर कुठला? तिनं पातेलं आत घेतलं आणि आणखी माडी ओतली. पीठ पातळ झालं. मैदा टाकला. घट्ट झालं. मग पुन्हा मळलं. दुपारपर्यंत त्या पिठाचा असा गोळा झाला, की कोंबड्यांपुढे टाकला तर त्यांनीही मान फिरवली.

रेमेत चुलीपाशी बसून रडायला लागली. तिचा नवरा पास्कू दारात आला. मनानं चांगला होता, पण चांगुलपणाला वेळ-काळ कळत नव्हता. तो कुजबुजला, "अगं, मी सायकल काढतो. पलीकडच्या गावातल्या बेकरीतून पाव आणतो. तेलात तळले की कोण ओळखतंय?"

"आणि आई?"

"आईला दिसतं कुठं हल्ली नीट?"

"ऐकू नीट येतं," मागून सासूचा आवाज आला.

पास्कूला अचानक विहिरीवर काम आठवलं.

आता सासू काय बोलते, या धाकानं रेमेतनं डोळेच मिटले. गावात सगळ्यांना वाटायचं, म्हातारी तिखट आहे. होतीच. पण म्हातारी हळूहळू खाली बसली, तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "जेवलीस?"

"नाही."

"आधी पेज घे. रिकाम्या पोटी मळलेल्या पिठाला बाईची धाकधूक लागते."

रेमेत पेज प्यायली. मग सासू म्हणाली, "मैदा आहे. माडी आहे. आणि दुपारची माडी म्हणजे सकाळपेक्षा जोरकस, बस्त्यावला विचार. पुन्हा मळ."

"पुन्हा बिघडलं तर?"

"सकाळी बिघडलं कुठं होतं? तू त्याला फुगायला दिलं नाहीस. पोरी, पीठ झाकणाखाली काम करतं. उघडून बघणाऱ्यासमोर ते लाजतं, नव्या नवरीसारखं."

रेमेतनं पुन्हा मळलं. क्रूस काढला. दुसरा काढायला बोट उचललं, तर सासूनं ते धरलं.

"एक पुरतो. देवाला कमी ऐकू येत नाही. तुझे हात तू वापरलेस, आता पुढचं त्याच्याकडे दे. चल, साडी बदल. मिस्सेला जायचंय."

"पातेलं एकटं सोडून?"

"एकटं कुठं? आत्ताच तर त्याच्या हवाली केलंस."

चर्च गच्च भरलं होतं. रेमेतचं शरीर बाकावर होतं, जीव स्वयंपाकघरात. सगळे गात होते, तिला मात्र झाकणाचा आवाज ऐकू येत होता. मांजर शिरलं असेल. फडकं वाळलं असेल. नातालमावशीनं पातेलं उन्हात नेलं असेल, पण नातालमावशी तर पुढच्याच बाकावर बसून जांभई देत होती.

शेवटी रेमेतला राहवेना. ती अर्धवट उठली.

सासूनं तिला अडवलं नाही. हळूच म्हणाली, "जायचं तर जा बाळा. फुगलं तरी तू आमचीच, बसलं तरी आमचीच. पातेलं गेलं तर पातेलं जाईल."

रेमेत उभीच राहिली. बाहेर जायचं दार उघडं होतं. चार पावलांवर. इतके दिवस तिला वाटत होतं की पिठाबरोबर तीही तोलली जातेय. तिनं समोरच्या क्रूसाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, 'येशूबाप्पा, आज मला गाणं सुचत नाही, डोक्यात नुसतं पीठ आहे. ते तू बघ. मी इथं बसते.'

आणि ती बसली. धडधड लगेच थांबली नाही. पण सासूचा थरथरता हात तिच्या हातावर आला, आणि त्या हाताला धीर देता देता रेमेतचाच हात शांत झाला. पुढचं गाणं तिनं मोठ्यानं म्हटलं. जरा बेसूर म्हटलं. देवानं चालवून घेतलं.

मिस्सा सुटली. अख्खं गाव तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दाराशी आलं. झाकण उघडायची गरजच पडली नाही. ते पिठानंच वर उचलून एका बाजूला कलतं केलं होतं, आणि खालून ओलं फडकं गरोदर बाईच्या पोटासारखं तट्ट वर आलं होतं.

"बघ, मी म्हटलं होतं ना, ऊन दाखव!" नातालमावशी ओरडली.

"ऊन कसलं? माडी! माझी माडी!" बस्त्यावकाकानं छाती पुढे काढली.

रेमेत कुणाशी वाद घालत बसली नाही. अंगणात कढई तापली होती. तिनं बाह्या सारल्या, मुठीतून पीठ पिळलं आणि पहिला फुगा तेलात सोडला. तो गर्रकन उलटला आणि सोनेरी होऊन वर तरंगला. तिनं तो सासूच्या हातात ठेवला. सगळं गाव श्वास रोखून म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिलं.

म्हातारीनं सावकाश चावला. गिळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या फुग्यासाठी हात पुढे केला.

सकाळची रेमेत हे ऐकून विहीर शोधत गेली असती. आत्ताची खळखळून हसली आणि म्हणाली, "मग रस्सा जास्त घ्या, आई!"

तात्पर्य विचारलंत तर एवढंच: आपलं काम मन लावून करावं, ते एकदा देवाच्या हाती द्यावं, आणि मग सारखं झाकण उघडून त्याच्या कामात लुडबुड करू नये. आणि शेजारचं कुणी घाबरलं असेल, तर त्याला सल्ला देण्याआधी पेज द्यावी, आणि जवळ बसावं.