पानफुटीचे पान आणि दगडाचा राजा

एका राज्यात पाण्याला फार मान होता. पाहुणा आला की आधी पाणी, मग पाट. एकदा दृढसेन राजा शिकारीहून थकून परतला आणि दारातल्या जादूगाराला पाणी विचारायला विसरला. जादूगाराने त्याचा दगड केला. सोन्याच्या वाडग्यात इवली पानफुटी लावून तो म्हणाला, "हिला फूल येईल तेव्हा राजा बोलेल. ही मेली, तर दगड दगडच राहील."

प्रजेचा राजावर जीव. जो येई तो तांब्याभर पाणी पानफुटीला घाली. राणी दोन तांबे घाली. पानफुटीचा देठ काळा पडला.

तेवढ्यात राजकन्या क्षेमा दूरदेशी विद्या शिकून परतली. गवाक्षातली साळुंकी म्हणाली, "आलीस? बघ, इथे बुडवण्याला सेवा म्हणतात."

क्षेमाने सडक्या देठावरचे एकच धड पान खुडले. "काय करू, सांग."

"पाणी न धरणारी माती आण. बुडाला भोक असलेलं मडकं आण. तिसरं काम अवघड, ते मागाहून."

माती खडकाळ माळावरच्या नागाने दिली. "मागितलीस, म्हणून ने," तो म्हणाला. मडके कुंभाराच्या उकिरड्यावर मिळाले. फुटके मडके राजवाड्यात आले म्हणून राजपुरोहित तोंड फिरवून बसले. क्षेमाने पान मातीवर नुसते आडवे ठेवले.

"आता हात आवरायचे," साळुंकी म्हणाली. "आईचेसुद्धा."

राणी तांब्या घेऊन आलीच. "माती सुकली, क्षेमा. बापाला तहानेनं मारतेस?"

"आईसाहेब, मातीत बोट घाला."

राणीने घातले. "आत ओल आहे."

"मग तांब्या धरून बसा."

राणी बसली. रोज बसली. माती तळापर्यंत सुकली की क्षेमा ओंजळभर पाणी घाली, तेवढेच. पानाच्या कडांना रोपे फुटली. एक हिवाळा फुलाविना गेला. लोक कुजबुजले.

"ही पाणी पानात साठवते," क्षेमा म्हणाली. "धीर आपल्यालाच नाही."

दुसऱ्या हिवाळ्यात तांबूस फुले घंटांसारखी लोंबली. दगडाचे ओठ हलले.

"दारात कोणी उभा होता," राजा म्हणाला. "त्याला पाणी दिलं का?"

राणी तांब्या घेऊन धावली. जादूगार दारात उभाच होता. तो पोटभर प्यायला, आणि राजाच्या अंगावरचा उरला दगड गळून पडला.

तेव्हापासून त्या राज्यात पाहुण्याला न विचारता पाणी देतात, आणि रोपाला देण्याआधी मातीत बोट घालतात.