धाकूचा खांदा

फार वर्षांपूर्वी, आंबेखोलात पंचायत नवी नवी आली, तेव्हाची ही गोष्ट. मधेच खोकू नका, नीट ऐका.

ओढ्यापलीकडच्या पैलवाडीत धाकू मांडवकर राहायचा. हातभर भातशेती, एक म्हैस, नि डोक्यात सदा गोंधळ. ओढ्यावर लाकडाचा साकव असे. पाऊस लागला की तो वाहून जाई, नि पैलवाडी तिकडेच अडकून पडे. एकदा धाकूची लेक तापानं फणफणली, नि वैद्य अलीकडच्या काठावर नुसता हात हलवत राहिला. लेक वाचली, पण धाकूचं डोकं फिरलं ते फिरलंच.

त्यानं पंचायतीला अर्ज भरला. तोही थेट गावचे बडे असामी आप्पा खोत यांच्या विरोधात! गाव पोट धरून हसलं.

"कशाला रे उभा राहतोस?" गुरवानं विचारलं.

"साकवासाठी."

बायकोनं, भागीनं विचारलं, तर म्हणाला, "आप्पाची जिरवायला." नि एकटा असला की त्याला वाटे, आपल्यालाच खुर्चीवर बसायची हौस आली की काय? खरं कोणतं, त्याचं त्यालाच कळेना. म्हणून त्यानं वाघजाईला कौल लावला. गुरवानं देवीला फुलांचे दोन कळे चिकटवले. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही.

दोन्ही एकदम पडले, असं म्हणतात.

"देवीलाही उमजेना," गुरव म्हणाला. "जा घरी."

मतदान ठेवलं ऐन पावसात, तेही ओढ्याच्या अलीकडे. ठेवणाऱ्याची अक्कल कुठं चरायला गेली होती, कोण जाणे. साकव त्याच सकाळी वाहून गेला. पैलवाडी काठावर भिजत उभी. तेव्हा धाकू ओढ्यात उतरला. मधोमध पाय रोवले. एका खांद्यावर या काठाचा ओंडका घेतला, दुसऱ्यावर त्या काठाचा. वाडी त्याच्यावरून चालू लागली. पाणी चढेल तसा धाकू उंच होत गेला, असं म्हणतात.

"अहो, ही आप्पाची माणसं!" भागी काठावरून ओरडली. "मतं त्यालाच टाकणार मेली!"

"टाकू देत गं. आधी पार तर होऊ देत."

गलका ऐकून आप्पा छत्री घेऊन आले. बघतच राहिले.

"धाकू, लेका, खरं सांग. निवडणुकीला उभा राहिलास कशाला?"

"तेच शोधतोय, आप्पा. सापडलं की सांगतो."

आप्पाच निवडून आले. धाकूचं स्वतःचं मतसुद्धा टाकायचं राहिलं. पण खुर्चीवर बसल्या बसल्या आप्पांनी पहिलं काम दगडी साकवाचं काढलं. धाकू घरी जाऊन पेज पिऊन झोपला, असं म्हणतात. तो अजून साकवाखाली उभा आहे, असंही म्हणतात. कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही बघा.

आंबेखोलात आजही साकवावर चढताना वहाणा हातात घेतात. माणसाच्या खांद्यावर वहाणा घालून कोण चढतं? नि पंचायतीला जो उभा राहील, त्याला आधी साकवाखाली पाण्यात उभं करतात, नि वरून अख्खं गाव विचारतं, "कशाला रे?"

जो घडाघडा कारण सांगतो, त्याला घरी पाठवतात.