लोणचेवाली आणि वाफाळणारा ढीग

एका गावात एक लोणचेवाली होती. तिच्या कैरीच्या लोणच्याला तीन-तीन वर्षं बुरशी शिवत नसे. बारा बायका तिच्या हाताखाली कैऱ्या फोडायच्या. बाईला आपल्या हाताचा भारी तोरा, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही.

घरामागे मात्र सगळा उकिरडा. कोयी, साली, किडकी फळं तिथंच कुजत पडायची. माशा घोंगावायच्या, वास पार देवळापर्यंत जायचा. शेवटी पंच म्हणाले, "बाई, दसऱ्याच्या आत ही घाण नाहीशी करा, नाहीतर लोणच्याचं काम बंद करा." म्हणजे बारा घरांच्या चुली विझायची पाळी!

लोणचेवालीची सून माळ्याची लेक. तिनं माहेरून मुरलेल्या खताची एक पाटी आणली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. त्यांना ओल, हवा आणि खायला द्यायचं. पुढचं सगळं ते करतात."

तिनं सालींवर वाळका पाला, त्यावर शेणकाला आणि मूठमूठ ते खत असे थर रचले. चौथ्या दिवशी ढिगातून वाफा निघू लागल्या. जीव कामाला लागले, म्हणून सून हरखली. सासूला मात्र वाटलं, ढीग नासायला लागला. बरणी फसफसली की मीठ वाढवायचं, एवढंच तिला जन्मभर ठाऊक. सून बाजाराला गेलेली पाहून तिनं ढिगावर दोन पायली मीठ ओतलं.

ढीग गार पडला. आठवड्याभरात पुन्हा तोच वास! पंच नाक धरून आले. "सुनेचं खूळ, दुसरं काय? असं कुठं खत होतं का?" बिचाऱ्या सुनेला आपलं काय चुकलं तेच कळेना.

लोणचेवाली गप्प बसली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिच्या तोऱ्याला खोटं पचत नसे.

"पोरीला बोल लावू नका," ती म्हणाली. "मीठ मी टाकलं. ढिगातले कामकरी जीव मीच मारले. दसऱ्याला या, मग बोला."

खारट झालेला सगळा थर उपसून टाकला. सून सांगेल तसा बारा जणींनी नवा ढीग रचला. ढीग उलटायला सगळ्यांत आधी पदर खोचायची ती सासूच.

दसऱ्याला पंच आले, तेव्हा ना वास होता ना माशा. समोर काळंभोर, भुसभुशीत खत होतं. मुख्य पंचानं ओंजळभर उचलून पाहिलं आणि नरमाईनं विचारलं, "बाई, आमच्या मिरच्यांना दोन पाट्या मिळतील का?"

लोणचेवालीचा ऊर अभिमानानं भरून आला. सुनेला पुढे करत ती म्हणाली, "मला काय विचारता? खताची जाणती ही. हिला विचारा."

तात्पर्य: एका कामातलं कसब दुसऱ्या कामात चालेलच असं नाही. आपली चूक चारचौघांत कबूल करून धाकट्याकडून शिकतो, त्यालाच तोरा शोभतो.